मुरगाव : पस्तीस वर्षांचे मौन
(प्रस्तावना)

1943 साली गोव्यातल्या कार्निव्हलचा शेवटचा दिवस 9 मार्चला, मंगळवारी आला होता. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, म्हणजे चाळीस दिवसांच्या उपासाची सुरुवात. त्यामुळे मंगळवारची रात्र खाण्यापिण्याची आणि नाचगाण्याची. त्या रात्री मुरगाव बंदरात चार मालवाहू जहाजे नांगरून पडलेली होती. एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन, आन्फोरा इटालियन. उजाडले तेव्हा चारही जहाजे पेटलेली किंवा बुडत असलेली दिसली. खलाशांनी आपणच आपली जहाजे जाळली, असे गोव्यात सांगितले गेले. हे निम्मे खरे होते, आणि निम्मे खरे असल्यामुळेच ते पस्तीस वर्षे टिकले. उरलेले निम्मे काय होते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

पुस्तक लिहिणारे माझे स्नेही कोल्हारचे. प्रवरेच्या काठचे, नगर–मनमाड रस्त्यावरचे गाव. समुद्र तिथून लांब, मुरगाव त्याहून लांब. त्यांनी हा विषय घेतला तेव्हा गावातल्या एका-दोघांनी विचारलेच, की भगवतीच्या गावच्या माणसाला गोव्याच्या जहाजांचे काय पडले आहे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तासा-दीड तासाच्या वाटेवर नगरच्या किल्ल्यात आहे.

ऑगस्ट 1942 मध्ये मुंबईत काँग्रेसच्या कार्यकारिणीला पकडून सरकारने नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आपले शंकरराव देव, सगळे तिथे. त्यांना कुठे ठेवले आहे हे सरकारने बाहेर सांगितले नव्हते. देशाचे पुढारी कोणत्या गावात आहेत हे त्यांच्या घरच्यांनाही कळू नये, अशी ती व्यवस्था. पुढे नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’ची पत्रे लिहिली, आणि आज शाळेच्या सहली तिथे जातात. पण युद्धकाळात सरकार एक आख्खी कार्यकारिणी गुपचूप ठेवू पाहते, हे नगर जिल्ह्याने आपल्या अंगणात पाहिले आहे. त्याच नगरला दोन्ही महायुद्धांत जर्मन नागरिकांना डांबून ठेवायची छावणी होती. पुढे तिबेटमुळे गाजलेला गिर्यारोहक हाइनरिख हारर 1939 साली देवळालीला नेण्याआधी तिथेच होता. मुरगावात शिरलेली ती तीन जहाजे मुंबई बंदरात शिरली असती, तर त्यांच्या खलाशांच्या नशिबी नगरसारखीच एखादी छावणी आली असती. ते टाळायलाच त्यांनी पोर्तुगीजांचे बंदर गाठले. कोल्हारच्या माणसाचा संबंध एवढा पुरेसा आहे.

सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध पेटले तेव्हा हिंदी महासागरात असलेल्या जर्मन व्यापारी जहाजांची पंचाईत झाली. चहूकडे इंग्रजी बंदरे आणि इंग्रजी गस्त. गोवा पोर्तुगीजांचा, पोर्तुगाल तटस्थ. म्हणून ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची ही तीन जहाजे मुरगावला आसऱ्याला आली. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरल्यावर आन्फोराही आली. जर्मन जहाजे अशी साडेतीन वर्षे तिथेच पडून राहिली. तळाला शेवाळ चढले, खलाशी किनाऱ्यावर येऊन-जाऊन गोव्याच्या ओळखीचे झाले. कायद्याप्रमाणे तटस्थ बंदरातल्या जहाजाला बिनतारी यंत्र वापरायला मनाई असते. पण एहरेनफेल्सवर एक यंत्र लपवलेले आहे आणि त्यावरून दोस्तांच्या जहाजांच्या येण्या-जाण्याच्या खबरा जर्मन पाणबुड्यांना जातात, असा इंग्रजांचा संशय होता.

खबरा जमा करणारा माणूस गोव्यातच राहत होता. रॉबर्ट कॉख, टोपणनाव ‘ट्रॉम्पेटा’. त्याच्या मागावर होती ती इंग्रजांची एसओई, म्हणजे शत्रूच्या मुलखात घातपात घडवायला काढलेली गुप्त संघटना. तिची हिंदुस्थानातली कचेरी मेरठला होती आणि प्रमुख होते कॉलिन मॅकेन्झी. पहिल्या महायुद्धात पाय गमावलेले, सुताच्या व्यापारातले गृहस्थ. व्हाइसरॉय लिनलिथगो यांचाही त्याच जे. अँड पी. कोट्स कंपनीशी संबंध होता. हेरखात्याच्या नेमणुका कशा होतात याचा हा बरा नमुना आहे. कॉखवर सोडलेला माणूस मात्र धंदेवाईक होता. लुईस प्यू, तोफखान्याचा अधिकारी, पुढे मेजर जनरल झाला. 1942च्या अखेरीस प्यू आणि गॅव्हिन स्ट्यूअर्ट हे दोघे गोव्यात शिरले आणि कॉख व त्याच्या बायकोला उचलून सरहद्दीपार इंग्रजी मुलखात घेऊन गेले. तटस्थ देशाच्या हद्दीतून माणूस पळवणे हा आंतरराष्ट्रीय कायद्याने सरळ गुन्हा. त्या नवरा-बायकोचे पुढे काय झाले, हे या सगळ्या प्रकरणात कोणीही नीट सांगितलेले नाही. इतिहासकार जहाजांवर पानेच्या पाने लिहितात आणि कॉखची बायको एका ओळीत संपते. लेखकाने तिला एका ओळीत संपू दिलेले नाही, आणि या पुस्तकातले मला सर्वांत आवडलेले प्रकरण तेच आहे.

कॉख गेला तरी संदेश थांबले नाहीत, असे इंग्रजांचे म्हणणे. तेव्हा जहाजावरच जायचे ठरले. फौज पाठवणे अशक्य, कारण वर्दीतला एक सैनिक जरी मुरगावात सापडला तरी लंडनला लिस्बनसमोर तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून प्यूने कलकत्ता लाइट हॉर्स ही हौशी घोडदळाची पलटण गाठली. कारखानदार, चहामळेवाले, हिशेबनीस, वकील असा सगळा साहेबी गोतावळा. आठवड्याला कवायत आणि नंतर क्लबात बैठक. पलटणीने खरे युद्ध पाहिले होते ते चाळीस वर्षांपूर्वी, बोअरांविरुद्ध. त्यांतले चौदा आणि कलकत्ता स्कॉटिशचे चार, असे अठराजण निवडले गेले. बिल ग्राइस त्यांचा म्होरक्या. पकडले गेले तर आम्ही दारूच्या नशेत पैजेवर आलो होतो असे सांगायचे, सरकार ओळख दाखवणार नाही, निवृत्तिवेतन नाही, पदक नाही. गाळ वाहून नेणारी ‘फीबी’ नावाची एक बार्ज कलकत्त्याहून सगळ्या द्वीपकल्पाला वळसा घालून निघाली. बाकीची मंडळी आगगाडीने कोचीनला जाऊन तिच्यावर चढली.

इकडे मुरगावात त्यांचाच एक माणूस आधी येऊन खर्च करत बसला होता. अधिकाऱ्यांना मेजवानी, खलाशांना बंदरावरच्या वस्तीत फुकट मौज. कार्निव्हल होताच, त्यात कोणाचे कोणाकडे लक्ष? मध्यरात्रीनंतर फीबी एहरेनफेल्सला जाऊन भिडली. झटापटीत कप्तान रोफर आणि त्याचे काही खलाशी मारले गेले. जर्मनांनी तळाचे व्हॉल्व्ह उघडले, जहाज बसू लागले. बाकीच्या तीन जहाजांवरच्या लोकांना वाटले की इंग्रज आता आपल्याकडे येणार, आणि त्यांनी ठरल्याप्रमाणे स्वतःच आगी लावल्या. हल्लेखोरांपैकी एकही दगावला नाही. ते आले तसे परत गेले आणि पुढच्या आठवड्यात कलकत्त्याच्या आपापल्या कचेऱ्यांत खुर्चीवर बसले. मोहिमेचे नाव ‘क्रीक’, काही ठिकाणी ‘लाँगशँक्स’ असेही येते.

इथवरची गोष्ट सिनेमासारखी आहे, आणि तिच्यावर सिनेमा निघालाही. मला तिच्यापेक्षा त्यानंतरची शांतता जास्त महत्त्वाची वाटते. युद्धातली गुपिते शत्रूपासून लपवायची असतात, असे आपण धरून चालतो. या प्रकरणात शत्रूला सगळे पहिल्याच दिवशी कळले होते. मेलेला कप्तान त्यांचा, बुडालेले जहाज त्यांचे, तुरुंगात गेलेले खलाशी त्यांचे. मग गुपित होते कोणापासून?

लंडनला ते लिस्बनपासून लपवायचे होते. पोर्तुगाल हा इंग्लंडचा सर्वांत जुना दोस्त. 1373 सालचा तह दोघांत होता आणि नेमक्या त्याच तहाचे नाव घेऊन 1943च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी अझोर्स बेटांवर तळ मिळवायचा करार केला. ऑक्टोबरमध्ये त्यांचे सैन्य तिथे उतरले. अटलांटिकमधल्या पाणबुड्यांविरुद्धच्या लढाईत तो तळ अतिशय मोलाचा होता. अशा वेळी पाच महिन्यांपूर्वी आम्हीच तुमच्या बंदरात शिरून माणसे मारली, हे बाहेर पडणे परवडणारे नव्हते. लिस्बनलाही ते कळून घ्यायचे नव्हते. सालाझार एकीकडे इंग्रजांशी बोलत होता आणि दुसरीकडे जर्मनीला वोल्फ्रॅम विकत होता. आपल्या बंदराच्या अब्रूचे रक्षण आपल्याला करता आले नाही, हे मान्य केले तर कोणती तरी एक बाजू घेणे भाग पडले असते. त्यापेक्षा खलाशांनी जहाजे जाळली, त्यांना कोठडीत टाका, खटला भरा, हे सोपे. गोव्यातल्या वर्तमानपत्रांना छापण्याआधी मजकूर तपासून घ्यावा लागे, तेव्हा तिथून वेगळे काही बाहेर येण्याचा प्रश्नच नव्हता. आणि बर्लिनला तटस्थ बंदरात आपले चोरटे यंत्र होते, हे जगाला सांगण्यात काय फायदा? तिन्ही सरकारे एकमेकांशी न बोलता एकाच खोटेपणावर एकमत झाली. मला तरी या प्रकरणातला खरा कट तोच दिसतो.

आणखी एक गोष्ट लेखकाने दाखवली आहे ती वाचून मी चकित झालो. ऑक्टोबर 1943 मध्ये, म्हणजे सातच महिन्यांनी, जपान आणि अमेरिका यांनी आपापल्या अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल केली ती याच मुरगावात. तेइआ मारू आणि ग्रिप्सहोम या दोन जहाजांवर मिळून सुमारे तीन हजार माणसे. कारण काय, तर बंदर तटस्थ आणि सुरक्षित! तटस्थपणाचा मुखवटा सगळ्यांनाच हवा होता, म्हणून तो फाटलेला आहे हे कोणी बोलले नाही.

कोंडी फुटली 1978 साली. जेम्स लेझर या इंग्रज लेखकाचे ‘बोर्डिंग पार्टी’ आले आणि दोन वर्षांत ‘द सी वुल्व्ज’ हा चित्रपट. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन. चित्रीकरण बरेचसे गोव्यात. लेझरच्या पुस्तकाला प्रस्तावना लॉर्ड माउंटबॅटन यांची होती. प्रस्तावनाकाराने दुसऱ्याच्या प्रस्तावनेवर बोट ठेवू नये हा शिष्टाचार मला ठाऊक आहे, तरीही सांगतो : पस्तीस वर्षे जे सरकार गप्प होते, त्याच सरकारचा एक मोठा माणूस पहिल्या पानावर उभा राहून वाचकाला आत घेऊन जातो, तेव्हा वाचकाने खिसा चाचपून पाहावा. म्हातारे, ढेरपोटे साहेब शेवटचा पराक्रम करतात, ही कथा गोड आहे. ती इतकी गोड आहे की कॉख पती-पत्नी कुठे गेले, तटस्थ बंदरात मेलेल्या माणसांना जबाबदार कोण, हे प्रश्न तिच्यात विरघळून जातात. मौनाने जे झाकले होते, त्यावर नंतर शौर्याची चादर आली.

म्हणून या पुस्तकाचा मधला भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. मोहिमेमुळे हिंदी महासागरातली जहाजे वाचली, हा लेझरच्या कथेचा कणा. लेखकाने त्याला तारखा लावून पाहिल्या आहेत. यू-160 या पाणबुडीने डर्बनजवळ एका ताफ्यावर घाला घातला तो 3–4 मार्च 1943च्या रात्री, मुरगावच्या हल्ल्याच्या जेमतेम आठवडाभर आधी. हे कथेत चपखल बसते. पण डर्बनच्या कुशीत लोरेंसो मार्केस हे दुसरे पोर्तुगीज बंदर होते आणि तिथे इटालियन वकिलातीचे हेरांचे जाळे जहाजे मोजत बसलेले होते, याला भरपूर पुरावा आहे. इंग्रजांनी त्यांच्यावर नजर ठेवायला पाठवलेला माणूस म्हणजे पुढे पत्रकार म्हणून गाजलेला माल्कम मगरिज. तेव्हा आफ्रिकेजवळच्या जहाजाची खबर हजारो मैलांवरच्या मुरगावहून गेली, असे मानण्याची गरज काय? नोव्हेंबर 1942 मध्ये मुंबईहून आफ्रिकेला निघालेले ‘तिलावा’ बुडाले, 280 माणसे गेली, त्यांत बहुतेक आपली. ते बुडवणारी पाणबुडी जपानी होती. आणि मुरगावचे यंत्र तळाला जाऊन अकरा महिने झाल्यावर, 12 फेब्रुवारी 1944 रोजी, मालदीवजवळ ‘खेदिव इस्माइल’ बुडाले आणि जवळजवळ तेराशे लोक मेले. तेही जपानी पाणबुडीने. जर्मनांच्या ‘मॉन्सून’ पाणबुड्या तर हिंदी महासागरात आल्या त्याच 1943च्या उत्तरार्धात, एहरेनफेल्स बुडाल्यानंतर.

याचा अर्थ मोहीम फुकट गेली असा नाही. चार जहाजे जर्मनांच्या उपयोगाची राहिली नाहीत, गोव्यातली खबरांची वाट तुटली, हे खरेच. पण तिने समुद्र सुरक्षित केला हे म्हणणे तारखांपुढे टिकत नाही. लेखक हे चार वाक्यांत सांगून पुढे जातात, आवाज चढवत नाहीत. मी असतो तर चढवला असता.

गुप्तहेर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कॉलर वर केलेला माणूस येतो, बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार नाही तर इंग्रजी सिनेमातला बाँड. जुन्या युद्धाचे गुपित शोधणारा आजचा हेर मात्र दस्तऐवजांच्या खोलीत बसलेला असतो. एसओई 1946च्या जानेवारीत बरखास्त झाली. तिचे पुष्कळसे कागद त्याच सुमारास जळाले, आणि जे वाचले ते हेरखात्याच्या ताब्यात राहून 1990च्या दशकात हळूहळू लोकांपुढे आले. आता ते लंडनमध्ये क्यू इथल्या अभिलेखागारात पाहता येतात. कोणता कागद आहे यापेक्षा कोणता नाही हे पाहणे, दोन तारखांमध्ये मोकळी जागा का आहे ते विचारणे, तेच पान तिसऱ्यांदा काढणे, हे काम कंटाळवाणे आहे. ते कंटाळवाणे असते म्हणूनच सरकारांचे फावते.

आणि हे फक्त गोऱ्या सरकारांचे दुखणे नाही. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ फुटले, शेकडो माणसे मेली, मांडवीच्या गल्ल्यांत सोन्याच्या विटा येऊन पडल्या. इंग्रज सेन्सॉरने वर्तमानपत्रे दाबली आणि बातमी जगाला आधी जपान्यांच्या ताब्यातल्या रेडिओने सांगितली. हेही परक्यांचेच झाले म्हणा. मग 1962 घ्या. चीनकडून झालेल्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर पी. एस. भगत यांनी केली. यशवंतराव चव्हाण नुकतेच संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले होते. सप्टेंबर 1963 मध्ये त्यांनी संसदेत निवेदन केले, अहवाल मात्र मांडला नाही. त्या वेळी त्याला कारण असेल. पण 2010 सालीही संरक्षणमंत्री अँटनी यांनी त्यातला मजकूर आजही लष्करी दृष्ट्या संवेदनशील असल्याचे लोकसभेत सांगितले. 2014 मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा मोठा भाग उघड केला, तेव्हा ज्यांच्या पोरांनी त्या युद्धात नेफाच्या आघाडीवर जीव दिले त्यांना तो परक्याच्या हातून वाचावा लागला. आपल्याकडे 1993चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, पंचवीस वर्षांनंतर कागद खुले करण्याची तरतूद आहे. नगरला लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे, तिथे मुले रणगाड्यांसमोर फोटो काढतात. रणगाडा दाखवायला कोणाला अडचण नसते. तो कोणी, कधी, का मागे घ्यायला लावला, हा कागद दाखवायला असते.

पुस्तकात उणिवा आहेत. गोव्याच्या बाजूचे साक्षीदार फार थोडे आले आहेत. त्या रात्री गोदीवर हमाली करणारे, पडाव वल्हवणारे, खलाशांना खानावळीत वाढणारे लोक कोकणी-मराठी बोलणारे होते. त्यांनी जे पाहिले ते लेझरनेही विचारले नाही आणि चित्रपटाने तर त्यांना पार्श्वभूमीला उभे केले. आपल्या लेखकाने प्रयत्न केला आहे, पण ती पिढी आता संपत आली आहे. दुसरे, पोर्तुगीज खटल्याची बाजू आणखी सविस्तर हवी होती. दुसऱ्या आवृत्तीत ती यावी.

वाचकाला एक सुचवतो आणि एक मागतो. सुचवतो ते असे, की चित्रपट आधी पाहिला असेल तर हरकत नाही, पण लेझरचे पुस्तक हे पुस्तक संपल्यावर वाचावे, आधी नको. मागणे असे : सावंतवाडी, बेळगाव, वास्को, मडगाव या भागांत ज्यांच्या घरी 1939 ते 1945च्या काळातली मुरगावची काही पत्रे, फोटो, गोदीची पगारपत्रे, जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणे असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. पणजीचे पुराभिलेखागार 1595 पासून चालत आले आहे आणि असे कागद सांभाळण्याचे काम तिथे होते. मूळ कागद तिथे द्यावेत, आणि जमल्यास त्यांची एक प्रत कोल्हारला लेखकाकडे पाठवावी.